एकाच फेसातले दोघे

एकदा एका शिष्येला एक किडा सापडला आणि तिची झोप उडाली.

किडा केवढा म्हणाल, तर साळीच्या दाण्याएवढा. अंग काळेभोर, पंखांवर दोन लालभडक पट्टे, आणि बोट जवळ नेले की टुणकन उडी मारून गवतात गडप. सह्याद्रीच्या माथ्यावर कातळाचे सपाट सडे असतात. पावसाळ्यात त्यांवर गवत आणि तेरडा माजतो, आणि तेरड्याच्या देठांवर जागोजागी पांढरा फेस दिसू लागतो, कुणी थुंकून गेल्यासारखा. गुराखी म्हणतात, साप थुंकला. आणि त्या झाडाला हात लावत नाहीत. प्रत्यक्षात त्या फेसात एक पिल्लू बसलेले असते. ते देठातला रस पिते, अंगावाटे टाकलेल्या पाण्यात हवा घुसळून फेस करते, आणि ऊन, पाखरू, मुंगी यांच्यापासून त्या फेसाआड सुखरूप राहते. पंख फुटले की फेस सोडून निघून जाते. शास्त्राच्या ग्रंथांत त्याला भारदस्त नावे आहेत. आपण त्याला फेसकिडा म्हणू.

शिष्येला सापडलेला फेसकिडा कोणत्याच ग्रंथात नव्हता. तिने तीन संग्रहालयांतले नमुने पाहिले, परदेशातून छायाचित्रे मागवली, जुन्या निबंधांची पाने पालथी घातली. नव्हताच. जगाला ठाऊक नसलेला एक जीव, आणि तो ठाऊक असलेली ती एकटी. अशा वेळी माणसाला झोप कशी लागावी?

मात्र नुसते सापडून भागत नाही. नव्या जिवाचे रीतसर वर्णन छापून यावे लागते, तेव्हा कुठे त्याला नाव मिळते. आणि जो आधी छापतो त्याने दिलेले नावच टिकते, मग दुसऱ्याने त्याच किड्यापायी दहा वर्षे घासली असली तरी. शिष्येने नाव योजून ठेवले होते, आपल्या आईचे. त्या बाईने जुन्या मच्छरदाणीची जाळी शिवून लेकीच्या हाती दिली होती, आणि ‘पोरगी लग्नाची झाली, किडे काय पकडत बसलीय’ असे म्हणायला येणाऱ्या नातलगांना चहा पाजून, गोड बोलून वाटेला लावले होते. आईचे नाव ज्ञानाच्या पोथीत एकदा लिहिले जावे, एवढीच लेकीची इच्छा. पण तिची पाठ्यवृत्ती दिवाळीला संपत होती. शिवाय पंधरा दिवसांपूर्वी त्याच सड्यावर शहरातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेची माणसे जाळ्या घेऊन फिरताना तिने पाहिली होती.

सड्याच्या पायथ्याला एका लहान गावात एक वृद्ध कीटकशास्त्रज्ञ राहत असत. कॉलेजातून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षे झाली होती. गाव त्यांना मास्तर म्हणे. फेसकिड्यांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. शिष्या त्यांच्यापाशीच टाचणीवर किडा खोवायला आणि भिंगातून बघायला शिकली होती. त्यांच्या होकाराशिवाय निबंध पाठवायचा नाही, असे तिने स्वतःलाच बजावले होते.

भाद्रपदातल्या एका सकाळी ती चौदा पाने आणि एक पेटी घेऊन त्यांच्या ओसरीवर पोचली. पेटीत टाचण्यांना खोवलेले सहा फेसकिडे होते. वृद्धाने आधी किडे पाहिले, मग पाने वाचली. चांगले दोन तास वाचली. शिष्या समोर बसून त्यांच्या भुवया न्याहाळत होती. पण ज्याने आयुष्यभर किडे बघितले त्याच्या चेहऱ्यावर काही उमटेल तर शपथ.

तेवढ्यात हौसाबाई गवताचा भारा घेऊन अंगणातून चालल्या होत्या. त्या सड्यावर गवत कापीत. गावातल्या निम्म्या गोठ्यांना त्यांचाच भारा जाई. वृद्धाने त्यांना हाक मारली.

“हौसाबाई, भारा टेकवा जरा. काम आहे तुमच्याशी.”

आणि मग त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. शिष्येचा तो शास्त्रीय निबंध उघडला आणि पहिल्या ओळीपासून मराठीत सांगत हौसाबाईंना ऐकवला. रंग कसा, पट्टे किती रुंद, पंख किती लांब, मागच्या तंगडीवर काटे किती, सगळे. हौसाबाई पदराने घाम टिपत ऐकत होत्या. शिष्येच्या कानशिलांची लाही होत होती. वर्षभराची तिची मेहनत, आणि ती कापलेल्या गवतापुढे वाचली जात होती.

“आन ह्ये हुडकून आणायचं?” हौसाबाईंनी विचारले.

“होय. हिने जे लिहिलंय त्याच्याशी जुळेल तेवढंच आणायचं. दुसरं काही नको.” वृद्धाने झाकणाला भोके पाडलेली एक बरणी त्यांच्या हाती दिली. त्या गेल्या.

“सर,” शिष्या शक्य तितक्या शांतपणे म्हणाली, “हे तज्ज्ञांसाठी लिहिलंय. मावशींना त्यातलं काय कळणार?”

“बघू या,” वृद्ध म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

दुपारी हौसाबाई बरणी घेऊन आल्या. बरणीत अकरा किडे उड्या मारत होते. शिष्येने एकेक बाहेर काढला. सरावलेल्या नजरेने तिने ओळखले, तीन तिचे होते. आठ मात्र गवतावरचे नेहमीचे फेसकिडे निघाले, शंभर वर्षांपासून ठाऊक असलेले; तेही काळे, तेही लाल पट्ट्यांचे. शिष्येला जरा हायसेच वाटले.

“मावशींनी रंग तेवढा बघितला, सर. मी तंगडीवरचे काटे लिहिलेत, पंखांची लांबी लिहिली आहे.”

“या आठांचे काटे मोज. लांबीही माप.”

तिने भिंग घेतले. पहिला मोजला, दुसरा मोजला. पाचव्यापर्यंत तिचा चेहरा उतरला. तिच्या चौदा पानांतले बाहेरून दिसणारे एकूण एक लक्षण त्या परक्या किड्यांना लागू पडत होते.

“नराच्या पोटातल्या अवयवाचा आकार वेगळा आहे,” ती म्हणाली. “शेवटच्या पानावर आहे ते.”

“आणि मादी हाती आली तर?”

“मादी मिळालीच नाही, सर. वर्षभर शोधली.”

हौसाबाई दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “बाई, त्याच फेसातनं त्या तपकिरी बी निघत्यात की. तुमच्या कागदात त्यांचं नाव न्हाई, म्हून न्हाई आणल्या.”

“त्याच फेसातून? तुम्ही पाहिलंय?”

“आता रोज ईळा लावायचा तिथं, दिसायचं न्हाई व्हय? एका फेसात दोन-दोन, तीन-तीन बी असत्यात. एक पट्ट्याचा निघतोय, एक मातकट.”

शिष्येने हातातले भिंग खाली ठेवले. ते मातकट किडे तिने वर्षभर जाळीतून झटकून टाकले होते. दिसायला ते इतके साधे होते की ‘हे नेहमीचेच’ म्हणून एकालाही तिने भिंगाखाली घेतले नव्हते. वर्षभर ती मादी शोधत होती आणि वर्षभर हातानेच तिला फेकून देत होती.

हौसाबाई भारा उचलून गेल्या. मग वृद्धाने पाने नीट जुळवून शिष्येपुढे ठेवली.

“बाळ, तू छान लिहिलंयस. वाचताना किडा डोळ्यांपुढे नाचतो. पण हा तुला किडा सापडल्याचा आनंद झाला, वर्णन नव्हे. त्या लाल पट्ट्यांवर तू भाळलीस, आणि जे डोळ्यांत भरलं ते चौदा पानं लिहीत गेलीस. वर्णन कुणासाठी असतं सांग. आणखी ऐंशी वर्षांनी कुणी एक अनोळखी माणूस मेलेला, विटलेला एक किडा हातात घेऊन बसेल. तुला विचारावं तर तू नसशील. मी तर नसेनच. त्याच्यापाशी तुझे शब्द तेवढे असतील. त्या शब्दांवरून त्याला म्हणता आलं पाहिजे, हा तोच, आणि हा दुसरा तो नव्हे. जे आज हौसाबाईंना जमलं नाही ते त्यालाही जमणार नाही. रंगाचं म्हणशील, तर तेरड्याचा रंग तीन दिवस, आणि स्पिरिटात टाकलेल्या किड्याचा तेवढाही नाही.”

“मग काय करू मी?”

“पुढच्या पावसाळ्यात फेसासकट देठांना जाळीच्या पिशव्या बांध. त्यातून काय बाहेर पडतं ते बघ. नर, मादी, पिल्लू, सगळं बघ. मग लिही.”

“तोवर ते लोक छापून मोकळे होतील, सर.”

“होतीलही.”

“आईचं नाव द्यायचं होतं मला.”

वृद्धाने किड्यांच्या पेटीचे झाकण लावून ती तिच्याकडे सरकवली. मग म्हणाले, “निबंध तुझा आहे. पाठवायचा तर पाठव. मी अडवणार नाही, आणि रागावणारही नाही.”

ते रागावले असते तर तिला सोपे गेले असते. रागावलेल्या माणसाला न जुमानता पुढे जाता येते. परतीच्या एसटीत तिने दहा वेळा ठरवले की निबंध पाठवायचा, आणि दहा वेळा तिला ते मातकट किडे आठवले. शेवटी तिने पाठवला नाही.

दिवाळीला पाठ्यवृत्ती संपली. एका कनिष्ठ महाविद्यालयात ती तासिका तत्त्वावर शिकवू लागली. चैत्रात एका मैत्रिणीने तिला निबंध पाठवला. शहरातल्या त्या प्रयोगशाळेने त्याच सड्यावरच्या फेसकिड्यांच्या दोन नव्या प्रजाती जाहीर केल्या होत्या. एक काळी, लाल पट्ट्यांची. दुसरी मातकट, तपकिरी. एकीला संस्थेच्या संस्थापकांचे नाव, दुसरीला डोंगराचे.

त्याच दिवशी एसटी पकडून ती ओसरीवर येऊन उभी राहिली.

“तुमचं ऐकलं म्हणून माझा किडा गेला, सर.”

“हो,” वृद्ध म्हणाले. “गेला.”

अशा वेळी माणसे सुविचार सांगतात, निष्काम कर्माचे दाखले देतात. वृद्धाने आत जाऊन चहा ठेवला, साखर दुप्पट घातली, आणि ती रडत होती तोवर ते पलीकडे बसून राहिले. तिला फार वाईट वाटत होते, आणि त्यांनाही वाटत होते. दोघांनीही ते लपवले नाही.

कुणालाही वाटेल की इथे गोष्ट संपली. शिष्येलाही तसेच वाटले होते. पण श्रावण आला आणि तिला चैन पडेना. नाव गेले होते, पण त्या फेसातून काय निघते हे अजून कुणी पाहिलेच नव्हते; हौसाबाईंखेरीज. आईने मच्छरदाणीच्या कापडाच्या तीस पिशव्या शिवून दिल्या. दर रविवारी शिष्या सड्यावर जाई आणि हौसाबाई दाखवतील त्या देठाला पिशवी बांधून येई. चार पिशव्या वाऱ्याने नेल्या. उरलेल्या सव्वीस पिशव्यांतून पट्ट्यांचे नर बाहेर पडले आणि मातकट माद्या बाहेर पडल्या, कित्येकदा एकाच फेसातून. भिंगाखाली दोघांच्याही कपाळाच्या फुगवट्यावर मधोमध एक बारीक पन्हळ होती. ती पन्हळ ठाऊक असलेल्या दुसऱ्या कोणत्याच फेसकिड्याला नव्हती. रंग उडाला तरी पन्हळ जात नव्हती.

या वेळी वर्णन सहा पानांत झाले. ते तिने स्वतः हौसाबाईंना वाचून दाखवले, आणि हातात भिंग दिले. हौसाबाईंनी चार किडे आणले; दोन जिवंत, दोन वाळून विटलेले. चारही बरोबर होते. त्या भिंग पुसत म्हणाल्या, “म्हंजे त्या शहरातल्यांनी नवरा-बायकूला दोन गावची करून टाकलं व्हतं म्हणा.” शिष्या हसली. वर्षभरात पहिल्यांदा मनापासून हसली.

निबंध यथाकाल छापून आला. त्यात नवे नाव एकही नव्हते. उलट प्रयोगशाळेच्या दोन नावांतले एक त्याने रद्द केले. जगाच्या यादीत एका जिवाची भर घालायला निघालेली मुलगी एक नाव कमी करून आली होती. तिने हे आईला सांगितले. आई म्हणाली, “तू लिहिलंयस ते खरं आहे ना? मग माझं नाव कशाला हवंय त्यात.”

छापील प्रत घेऊन ती वृद्धाकडे गेली. त्यांनी ती अथपासून इतिपर्यंत वाचली, चष्मा काढून ठेवला, आणि उठून कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यातून एक पेटी काढली. पेटीत दोन फेसकिडे होते, दुसऱ्या कुठल्या डोंगरावरचे. एक पिवळ्या ठिपक्यांचा, एक राखाडी. दोघांखाली जुन्या शाईतल्या चिठ्ठ्या.

“सदतीस वर्षांपूर्वी मी हा पिवळा छापला. माझ्या गुरूंचं नाव दिलं. दोन वर्षांनी हा राखाडी. त्याला माझ्या बायकोचं नाव आहे. जरा बघ.”

शिष्येने भिंग घेतले. पहिल्याच नजरेत तिच्या लक्षात आले, तरी ती उगाच बराच वेळ बघत राहिली.

“बोल,” वृद्ध म्हणाले.

“सर, हे दोन नाहीत.”

“नाहीत. एकच आहे. मला वीस वर्षांपासून ठाऊक आहे.” त्यांनी राखाडी किड्याखालच्या चिठ्ठीवर बोट ठेवले. “तिला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. मी चित्रं काढायचो तेव्हा ती शेजारी भाजी निवडत बसायची. फेसाच्या काड्या पेल्यात ठेवलेल्या असायच्या. एक दिवस म्हणाली, अहो, हे दोघं एकाच फेसातून निघाले, मी बघितलं. मी हसलो. म्हटलं, तुला यातलं काय कळतंय. मग ती दोन दिवस गप्प होती, म्हणून समजूत काढायला त्याच राखाडी किड्याला तिचं नाव देऊन टाकलं. तिला बरं वाटलं असावं. त्या विषयावर पुन्हा कधी बोलली नाही.”

त्या दिवशी आपली चौदा पाने हौसाबाईंपुढे का वाचली गेली, हे शिष्येला आता उमगले.

“ती गेल्यावर मी पिशव्या बांधून बघितलं,” वृद्ध सांगत होते. “तेव्हापासून खोडायला बसतो आणि हात चालत नाही. नियमाप्रमाणे आधीचं नाव राहतं. गुरूंचं राहील. जायचं ते तिचं.”

“राहू द्या ना, सर,” शिष्या नकळत म्हणून गेली. “कुणाला कळणार आहे?” आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन तिने मान खाली घातली.

वृद्ध मात्र तिच्याकडे मायेने बघत होते. “मीही वीस वर्षं हेच म्हणत आलो. पण बाळ, जोवर त्या किड्याला तिचं नाव आहे, तोवर तिचं म्हणणं खोटं ठरतंय. नाव खोडलं की ते खरं होईल.”

त्यांचा हात थरथरत असे, म्हणून ते सांगत गेले आणि शिष्या लिहीत गेली. पुरावा लिहिला, मापे लिहिली, राखाडी प्रजातीचे नाव रद्द झाल्याची ओळ लिहिली. ती ओळ लिहिताना तिने वर पाहिले नाही. मग एक जागा आली तिथे ती थांबली.

“सर, नर आणि मादी एकाच फेसातून निघतात, हे आधी कुणी पाहिलं? निरीक्षण ज्याचं, त्याचं नाव इथे लिहायची रीत आहे.”

वृद्धाने तिच्या हातातून पेन घेतले, आणि तेवढे एक नाव, आपल्या बायकोचे, थरथरत्या अक्षरांत, स्वतः लिहिले.

आपणही कुणाकुणाला मान देतो, नाव देतो; त्यांचे म्हणणे ऐकले होते का, एवढे एकदा आठवून पाहावे.